ऊब चाललीय

"आजही उशीर?" मुकादमानं विचारलं तेव्हा मावशी धुलाईखोलीच्या दारात हातांवर फुंकर घालत उभी होती. इस्पितळाच्या या खोलीत सगळे तिला मावशीच म्हणत, तिच्याहून वयानं मोठा असलेला मुकादमसुद्धा.

"होतो उशीर. थंडी आहे."

"थंडी काय एकट्या तुमच्याच घरात पडते? किती दिवस पांघरूण घालू मी? वरून विचारणा झालीय. उद्या असंच झालं तर रोलरवर दुसरी बाई उभी करतो आणि तुम्हाला हौदावर पाठवतो. मग म्हणू नका, सांगितलं नव्हतं."

मावशी आत जाऊन रोलरपाशी उभी राहिली. इस्त्रीच्या त्या रोलरमधून चादरी कढत बाहेर येत आणि ती त्यांच्या घड्या घाली. निदान पाळी सुटेपर्यंत तरी अंगात ऊब राही. हौदावर गार पाण्यात हात घालून डाग काढायचे. तिच्या बोटांचे सांधे आधीच सुजलेले. एका हिवाळ्यात हात कामातून गेले असते. हे तिला मुकादमाइतकंच ठाऊक होतं. पण उशिराचं खरं कारण सांगणार कुणाला? ऐकणारे हसले असते, आणि हसले असते तर त्यांचं चुकलं नसतं.

तिचा नवरा गोदामावर रात्रीचा पहारेकरी होता. लग्न झालं तेव्हाही होता आणि गेला तेव्हाही होता. दोघांचा संसार एका खोलीचा, एका खाटेचा. पहाटे कुलपात त्याची चावी फिरली की मावशी अंथरुणात कडेला सरके, रजईचं टोक उचलून धरी आणि म्हणे, "अहो, या लवकर, ऊब चाललीय." तो बूट काढून तिच्या जागी शिरे आणि ती पाय आखडत गार फरशीवर उतरे. संध्याकाळी ती परते तेव्हा तो नुकताच उठलेला असे. रजईची घडी तो कधी घालत नसे, ढीग करून ठेवी, म्हणजे आतली ऊब टिके. शेजारीण चिडवायची, "तुमच्या घरात अंथरुणाला तेवढी सुट्टी नाही बाई!" खरंच होतं ते. दोघांना धड भांडायलासुद्धा सुट्टीचा दिवस गाठावा लागे. पण रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला गार अंथरुणात शिरावं लागलं, असं तिनं एकाही थंडीत होऊ दिलं नव्हतं. चावी वाजल्याशिवाय ती उठलीच नव्हती.

ऐन उन्हाळ्यात तो गेला. तेव्हा ऊब राखायचा प्रश्नच नव्हता. ती रडली, सावरली, कामावर जायला लागली. थंडी पडली आणि अंगानं जुनी सवय उकरून काढली. पहाटे डोळे उघडत. मन म्हणे ऊठ, पण अंग चावीची वाट बघत पडून राही. खिडकीत उजेड आला की ती धडपडत उठे आणि मग सगळ्याच कामांची तारांबळ.

लेक गेल्या आठवड्यात आली होती. ती बेकरीत रात्रपाळीला भट्टीवर असते आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला सासरी राहते. येताना गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन आली होती.

"ही कशाला?" मावशी म्हणाली. "मी काय आजारी आहे?"

"मग चल माझ्याकडे. थंडी सरेपर्यंत तरी."

"तुझ्या सासूच्या घरात? नको गं बाई. पाहुणी म्हणून दोन दिवस बरी."

"इथं काय आहे आई? भिंतीला हात लावला तरी कापरं भरतं."

"असू दे. माझी आहे ती भिंत."

लेक थकलेली होती. थकलेलं माणूस बोलू नये ते बोलतं. "रहा मग गारठत! बाबांची चावी पडलीय माझ्याकडे, तीही आणून देते. मला नाही जमत असे हेलपाटे घालायला."

बापाच्या दुखण्यात लेक इथं येऊन राहिली होती. तेव्हापासून चावी तिच्याकडे होती आणि ती अडकवायचा दाराजवळचा खिळा मोकळा होता.

मुकादमानं बजावल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मावशी अशीच डोळे उघडे ठेवून पडली होती. आज उशीर झाला तर हौद, हे तिला कळत होतं. तरी पाय हलेनात. स्वतःचाच राग आला तिला.

तेवढ्यात कुलपात चावी फिरली.

मावशी कडेला सरकली. रजईचं टोक तिच्या हातानं आपोआप उचललं गेलं. "अहो, या लवकर, ऊब चाललीय."

दारात लेक उभी होती. बाह्यांवर पीठ, डोळे लाल, हातात चावी. ती जागची हलली नाही.

"आई, मी आहे."

"दिसतंय मला." मावशी म्हणाली. रजईचं टोक मात्र तिनं सोडलं नाही.

"चावी द्यायला आले होते."

"दे नंतर. आधी आत शीर. मघापासून धरून ठेवलंय मी हे, हात दुखतो."

लेकीनं चपला काढल्या आणि अंगावरच्या कपड्यांनिशी ती आईच्या जागी शिरली. पाय पोटाशी घेतले. "किती गरम आहे गं," एवढंच म्हणाली आणि पुढचं बोलायच्या आत झोपली. बापही असाच झोपायचा, वाक्य अर्धं टाकून. मावशीनं रजई तिच्या कानापर्यंत ओढली आणि गार फरशीवरून चहा करायला गेली.

त्या दिवशी ती मुकादमाच्या आधी पोचली. त्यानं घड्याळाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि हौदाचं नाव काढलं नाही. रोलरमधून पहिली चादर आली. तिची घडी घालताना मावशीला रडू फुटलं. वाफेमुळे कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

संध्याकाळी ती घरी परतली. लेक दुपारीच निघून गेलेली असणार. तिकडे तिचा स्वयंपाक होता, सासू होती. एवढा वेळ ऊब कुठली राहायला? तरी मावशीनं आधी खाट बघितली. रजईची घडी घातलेली नव्हती. ढीग करून ठेवला होता. तिनं आत हात घातला. नवऱ्याच्या मफलरीत गुंडाळलेली रबरी पिशवी हाताला लागली. पाणी कोमटसुद्धा म्हणवत नव्हतं, पण अगदी गार नव्हतं.

मग तिनं दाराकडे बघितलं. खिळा मोकळाच होता. टेबलावर नाही, खिडकीत नाही, उशीखालीही नाही. लेक चावी घेऊन गेली होती.

मावशी लवकर जेवली आणि लवकर आडवी झाली. पिशवी पायांशी घेतली. सकाळी वेळेवर उठायचं होतं.