मंद राक्षसांचा संघ

मी एक जुना, हातात मावणारा व्हिडिओ गेम आहे, मित्रांनो. कधीकाळी मी गर्द निळा होतो. आता माझ्या कडा पांढुरक्या झाल्या आहेत आणि उजवीकडच्या गोल बटणावरचे अक्षर पुसून गेले आहे. ते अक्षर कोणाच्या अंगठ्याने पुसले, तेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून मी पुढे पुढे जात होतो. एका बाईने माझ्यात पडदा बसवला, दुसरीने स्क्रू पिळले, तिसरीने सगळी बटणे दाबून पाहिली आणि म्हणाली, "चालतोय." माझ्याबद्दल कोणी बोललेला तो पहिला शब्द. त्यानंतर मी एका दुकानाच्या काचेआड जाऊन बसलो.

तिथून मला एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याने नेले. त्याच्या कपड्यांना ग्रीसचा वास येत होता. मला हातात घेण्याआधी त्याने दोन्ही हात शर्टाला पुसले.

"पडला तर फुटेल का हो?" त्याने दुकानदाराला विचारले. "आमची मुलगी जरा धांदरट आहे."

"मुलांच्या हातात जायचा म्हणजे पडणारच. तसाच बनवलाय तो," दुकानदार म्हणाला.

आणि खरोखर, मी किती तरी वेळा पडलो. जिन्यावरून पडलो, जेवणाच्या टेबलावरून पडलो. मला काही झाले नाही. पुढच्या हिवाळ्यात तो पडला. एका जुन्या इमारतीत लिफ्टच्या टपावर उभा राहून तो दोर तपासत होता, तेव्हा पाय घसरला. दवाखान्यातून तो घरी आला, पण त्याचे पाय परत आले नाहीत. कमरेखाली त्याला काही जाणवेनासे झाले. पुढच्या खोलीत खिडकीजवळ त्याची खाट मांडली गेली. त्याची बायको पहाटे उठून बेकरीत कामाला जाई, मुलगी शाळेत जाई, आणि तो छताकडे पाहत पडून राही.

एके दिवशी शाळेत जाताना मुलीने मला त्याच्या छातीवर ठेवले.

"बाबा, माझं एक काम कराल? मला यातली अंडी उबवून द्या."

"मी काय कोंबडी आहे का?" तो म्हणाला. पण त्याने मला हातात घेतले.

मित्रांनो, तो खेळ काय होता ते आधी सांगतो. माझ्या पाठीत एक कॅसेट बसवलेली असे. तिच्यात एक अख्खे जग होते, रानाचे, डोंगरांचे आणि राक्षसांचे. कोणी आगीचा राक्षस, कोणी पाण्याचा, कोणी विजेचा, कोणी दगडाचा. त्यांना पकडायचे, वाढवायचे आणि सहा जणांचा संघ करून दुसऱ्याच्या संघाशी झुंजवायचे. ऐकायला सोपे वाटते, पण चांगला संघ बांधणे म्हणजे खायचे काम नव्हते. आग पाण्यापुढे टिकत नाही, पाणी विजेपुढे टिकत नाही. एकाचे उणे दुसऱ्याने भरून काढावे लागते. कोणी पहिला घाव घालणारा हवा, कोणी मार खाऊन उभा राहणारा हवा. शिवाय एकाच जातीचे दोन राक्षससुद्धा सारखे नसत. एक जन्मतःच चपळ, दुसरा जन्मतःच दांडगा. म्हणून अंडे मिळवायचे, ते थैलीत घालून खूप चालायचे. पुरेसे चालले की अंडे फुटे आणि आतून पिल्लू निघे. मनासारखे नसले की पुन्हा नवे अंडे, पुन्हा चालणे.

ज्याला खाटेवरून खिडकीपर्यंत जाता येत नव्हते, तो माणूस माझ्या पडद्यावर दिवसभर चालू लागला. रानातून, पुलावरून, गावातून, परत रानात. त्याचा जाड अंगठा माझ्या बटणांना पुरून उरे. आधी तो झाडांवर आपटे, मग हळूहळू वाट त्याच्या अंगवळणी पडली.

दुपारी बायको कामावरून आली की विचारी, "किती चाललात आज?"

"पाय दुखायला लागले," तो म्हणे.

ती हसे आणि आत जाई. आत गेल्यावर ती किती तरी वेळ नळ सोडून ठेवी. भांडी मात्र वाजत नसत.

मुलीला शहरातल्या मोठ्या स्पर्धेत उतरायचे होते. तिने चपळ राक्षसांचा संघ बांधला होता. सगळे विजेसारखे धावणारे, आणि सगळे पापडासारखे मोडणारे. शाळेतल्या मुलांनी तिला सपाटून हरवले. घरी येऊन तिने मला खाटेवर टाकले आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"कोणाचा घाव पहिला, त्याच्यावर सगळं असतं, बाबा. आणि माझ्याहून चपळ कोणीतरी असतंच."

"तो साहेब घेऊन बघ की," बाबा म्हणाले.

साहेब म्हणजे दगडी पाठीची एक गोगलगाय. बाबांनीच ती उबवली होती आणि नावही त्यांनीच ठेवले होते. "आमचे साहेब असेच," ते म्हणत, "सगळं आटोपलं की उगवायचे." संपूर्ण खेळात तिच्याइतके मंद कोणी नव्हते.

मुलीने डोळे फिरवले. पण दुसऱ्या दिवशी ती शाळेतून धावतच आली आणि दप्तर पाठीवर असतानाच खाटेच्या कडेला बसली.

"बाबा, एक डाव आहे. उलटी घटका म्हणतात त्याला. तो टाकला की काही वेळ सगळं उलटं होतं. जो सगळ्यात मंद, तो पहिला घाव घालतो. मला मंद राक्षस पाहिजेत. जेवढे मंद मिळतील तेवढे."

बाबांनी तिच्याकडे पाहिले. मग आपल्या पायांकडे पाहिले.

"मग बरोबर माणसाकडे आलीस," ते म्हणाले.

त्या वर्षासारखे वर्ष माझ्या आयुष्यात पुन्हा आले नाही. जगभरची मुले चपळ पिल्ले शोधत होती आणि आमच्या घरात मंद पिल्लांची वाट पाहिली जात होती. मुलगी डोके चालवी, बाबा अंगठा चालवीत. कोणाला उलटी घटका टाकायला ठेवायचे, तो पडला तर दुसरा कोण टाकेल, पाण्याचा मार कोण झेलेल, यावर दोघांचे जेवताना वाद होत. आई म्हणे, "आधी घास गिळा, मग राक्षस मारा." नको असलेली पिल्ले रानात सोडून द्यायची असत. ते काम बाबा कधी करत नसत. "अंड्यातून काढायचं आणि हाकलायचं? मला नाही जमणार," असे म्हणून ते मला मुलीच्या हाती देत. ती पिल्लू सोडी, तेव्हा ते खिडकीबाहेर बघत.

अंथरुणावर पडून राहून बाबांच्या पाठीला जखमा झाल्या. मग ताप येऊ लागला. मला धरलेले हात गरम लागू लागले आणि मध्येच थांबू लागले. पडद्यावरचा छोटा माणूस रस्त्यातच उभा राही. स्पर्धेच्या सकाळी मुलगी चपला घालून दारातच घुटमळली.

"मी नाही जात. पुढच्या वर्षी जाईन."

"संघ काय कपाटात ठेवायला बांधला?" बाबा म्हणाले. "जा. साहेबांना ताटकळत ठेवू नये."

ती गेली. एका वाचनालयाच्या वरच्या दालनात लांब टेबले मांडली होती. माझ्यासारखी किती तरी यंत्रे तिथे जमली होती. दोघांना एका वायरने जोडत आणि खेळ सुरू होई. सुरुवातीला मुले साहेबाला पाहून हसली. मग उलटी घटका पडली, साहेबाने पहिला घाव घातला, आणि हसणे थांबले. एकामागून एक सामने जिंकत आम्ही शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलो. समोर कॉलेजात जाणारा एक शांत मुलगा होता. त्याला सगळे मास्तर म्हणत.

शेवटी दोघांचा एकेकच राक्षस उरला. तिचा साहेब आणि त्याचा एक पंखवाला. उलटी घटका संपायला एकच घाव बाकी होता. साहेबाने तो घातला. पंखवाला कोसळेल असे सगळ्यांना वाटले, पण त्याच्यात जीव उरला. केसाएवढा, पण उरला. तेवढ्यात घटका सुलटी झाली आणि चपळ पुन्हा चपळ झाला. साहेबाला मान उचलायलाही वेळ मिळाला नाही.

मुलीचा अंगठा बटणावर तसाच राहिला.

"असला संघ मी आजवर पाहिला नव्हता," मास्तर म्हणाला. "कोणी शिकवलं तुला?"

"बाबांनी अंडी उबवली," ती म्हणाली.

घरी बाबा जागेच होते. उशीला टेकून बसवले होते त्यांना.

"हरलो, बाबा. शेवटच्या सामन्यात."

"साहेब होता शेवटपर्यंत?"

"शेवटी तोच एकटा होता."

"मग उशिरा का होईना, आला की," बाबा म्हणाले. मुलगी रडता रडता हसली. मग त्यांनी हात पुढे केला. "आण इकडे. दमला असेल. जरा फिरवून आणतो त्याला."

त्यांनी साहेबाला बरोबर घेतले आणि हळूहळू रानातून चालत तळ्याकाठी नेले. त्या खेळात त्या तळ्याचा काहीच उपयोग नव्हता. तिथे अंडी नव्हती, शत्रूही नव्हते. नुसते पाणी हलत असे. तिथे उभे राहून त्यांनी खेळ जपून ठेवण्याचे बटण दाबले आणि मला बंद केले. त्याच आठवड्यात त्यांना दवाखान्यात नेले. तिथून ते परत आले नाहीत.

त्यानंतर मुलीने मला एकदाच उघडले. पडद्यावर छोटा माणूस तळ्याकाठी उभा होता आणि शेजारी साहेब. तिचा अंगठा बटणावर आला आणि तिथेच थांबला. एक पाऊल जरी टाकले, तरी बाबांनी ठेवलेली जागा मोडेल असे तिला वाटले. तिने मला बंद केले, माझे सेल काढले, आईच्या एका मऊ ओढणीत गुंडाळले आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवले. तिने मला टाकून दिले नव्हते, मित्रांनो. तिने मला जपून ठेवले होते.

कपाटातला काळ कसा जातो ते तुम्हाला कसे सांगू? कधी दार उघडे, हात येई, चादर घेऊन जाई. घर बदलले तेव्हा मी खोक्यातून गेलो आणि दुसऱ्या कपाटात बसलो. लग्नाची गडबड मी ऐकली, बाळाचे रडणे ऐकले. आणि सगळा वेळ मला एक गोष्ट ठाऊक होती, जी मला कोणाला सांगता येत नव्हती. त्या कॅसेटीत एक बटणाएवढी बॅटरी असते. आतले सगळे जग तिच्याच जोरावर जागे राहते. ती रोज कणाकणाने झिजत होती.

एके दिवशी आमच्या मुलीच्या लहान लेकीने तिला विचारले, "आजोबा कसे होते गं?"

ती कपाटापाशी आली. मग म्हणाली, "थांब, दाखवते."

किती वर्षांनी मला उजेड दिसला. तिने ओढणी सोडली, नवे सेल घातले, मुलीला मांडीवर घेतले आणि बटण दाबले. गाणे वाजले. गाणे अगदी तसेच होते. मग पडदा उजळला आणि त्यावर एकच ओळ आली, 'नवा खेळ'. 'पुढे चालू' ही ओळ तिथे नव्हती.

तिने मला बंद केले. कॅसेट काढून तिच्यावर फुंकर मारली, परत बसवली. 'नवा खेळ'. पुन्हा फुंकर मारली. छोटी गोंधळून आईच्या तोंडाकडे पाहू लागली.

दुरुस्ती करणाऱ्याने कॅसेट उघडली आणि मान हलवली. "बॅटरी बदलून देतो, ताई. खेळ चालेल. पण आतलं होतं ते गेलं. बॅटरी जिवंत असताना आणली असती, तर उतरवून घेता आलं असतं."

"मी हातसुद्धा लावला नव्हता," ती म्हणाली.

"म्हणूनच तर," तो हळू आवाजात म्हणाला.

संध्याकाळी ती आईसमोर येऊन बसली. आई आता म्हातारी झाली होती. सगळे ऐकून तिने मला हातात घेतले, माझ्या पुसलेल्या बटणावरून बोट फिरवले.

"मला वाटलं, मी त्यांना सांभाळून ठेवलंय," मुलगी म्हणाली.

"अगं, तुझ्या बाबांना बंद पडलेलं काही बघवत नसे," आई म्हणाली. "मीही त्यांचा चहाचा कप वर ठेवून दिलाय. त्यातून कोणी प्यायलं नाही. परवा बघितलं, त्याला तडा गेलाय."

छोटी येऊन मला घेऊन गेली.

आता मी तिच्या हातात असतो. तिला चपळ राक्षस आवडतात. परवा एक अंडे फुटले आणि आतून दगडी पाठीची गोगलगाय निघाली. "आई, हिचं नाव काय ठेवू?" तिने विचारले. आईच्या ओठांवर काही तरी आले, पण ती म्हणाली, "तुझं तू ठेव." छोटीने तिचे नाव 'फुगा' ठेवले. मग आईने तिला आजोबांची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच सांगितली. मध्ये दोनदा तिने डोळे पुसले, पण तिने ती पुरी केली.

मित्रांनो, माझ्यावर रागाने कोणी धूळ साचू दिली नाही. मायेनेच मला बंद करून ठेवले होते, आणि तरीही साहेब गेला, ते तळे रिकामे झाले. मी वस्तू आहे. माझ्याकडे काही ठेवायला दिले तर ते कायमचे राहील, असे समजू नका. मला हाताळा, पुसा, उघडून बघा, आणि माझ्यात जे आहे ते वेळेवर कोणाला तरी सांगा. तुमच्याही घरात, उघडले तर दुखेल म्हणून मिटून ठेवलेले काही तरी असेल. ते आजच उघडा. दुखेल, हे मला ठाऊक आहे. तरीही उघडा.