आवाज रॉस्कोचा, फोटो वेंडेलचा

आधी हात पुसा मित्रांनो, मग जवळ या. मी एक जुना कोट आहे, मोहरीच्या रंगाचा, मखमली, आणि माझा सहसा कुणावर विश्वास बसत नाही. इतकी माणसं माझ्यात शिरली आणि निघून गेली, की माझ्या जागी तुम्ही असतात तर तुमचाही बसला नसता.

माझा जन्म उत्तर फिलाडेल्फियातला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एका शिंप्याने आम्हा चार भावांना एकाच ताग्यातून कापलं. आम्ही 'द लीहाय फोर' या गायकांच्या चौकडीचे. वाद्य कुणाच्याच हाती नव्हतं. चार गळे आणि चार कोट, एवढाच संसार. मी पहिल्यांदा चढलो तो रॉस्को बिव्हन्सच्या अंगावर. तो सगळ्यांत वरच्या पट्टीत गायचा. त्याने 'दिवा ठेव, मी येतोय' हे गाणं गायलं आणि त्या उन्हाळ्यात ते देशभरच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत एकसष्टाव्या क्रमांकावर पोहोचलं. हसू नका. आमच्या गल्लीत तेव्हा खिडक्या-खिडक्यांतून तेच ऐकू यायचं, आणि न्हावी रॉस्कोला रांगेत ताटकळू देत नसे.

आमचे मॅनेजर क्लिओफस टॅनर. चौकडीचं नाव त्यांच्या मालकीचं, कोटही त्यांचेच, माणसं तेवढी बदलती. कुणाला काढायचं ठरलं की ते गोड आवाजात म्हणत, "कोट दे रे, धुवायला टाकू." त्या वाक्याची मी धास्तीच घेतली होती. रॉस्कोने तबकडीवर आपलं नाव छापा म्हणून तोंड उघडलं, आणि लगेच मी धुवायला गेलो. परत आलो तो वेंडेल क्रॉफर्डच्या अंगावर. माझी कंबर आवळलेली होती, बाह्या तोकड्या केलेल्या होत्या.

आणि गंमत बघा, तबकडीच्या पाकिटावरचा फोटो त्यानंतर काढला. आत आवाज रॉस्कोचा, बाहेर चेहरा वेंडेलचा! तेव्हापासून मी कॅमेरेवाल्यांवरही नजर ठेवून असतो.

पुढे वेंडेल गेला, दुसरे आले, वेंडेल परत आला. दर वेळी मला उसवलं आणि पुन्हा शिवलं. अस्तर नवं, खांदे नवे. माझे तीन भाऊ कुठे गेले ते कुणी सांगत नाही. मी मात्र बरीच वर्षं एका कपाटात उंदरांच्या शेजारी काढली. मग नव्वदच्या दशकात जुन्या गाण्यांचे जलसे सुरू झाले आणि मला झटकून बाहेर काढलं.

अशाच एका जलशाआधी कपडे बदलायच्या खोलीत एक म्हातारा आला. बरोबर त्याची मोठी झालेली मुलगी, इव्हेट. टॅनर सँडविच खात बसले होते.

"टॅनर, ओळखलंस का? मी रॉस्को."

"या महिन्यातला तिसरा रॉस्को!" टॅनर म्हणाले. त्यांनी खरंच ओळखलं नाही, की सोंग घेतलं? मला सोंगाचाच संशय आहे.

"मला काम नकोय रे. ही माझी पोर. ते गाणं माझं, हे हिला लहानपणापासून सांगत आलोय. ही तबकडीचं पाकीट घेऊन शाळेत गेली आणि पोरांनी हिला वेड्यात काढलं. आवाज माझा होता, एवढं एकदा हिला सांग. मग मी चाललो."

"डॅडी, चला ना," इव्हेट खालच्या आवाजात म्हणाली. "कशाला शोभा करून घेता?"

वेंडेल आरशासमोर उभा होता. म्हातारा आपली जागा घ्यायला आलाय, असं त्याला वाटत असावं.

"रॉस्कोच्या मापाचा कोट आहे हा," टॅनर मला पुढे करत म्हणाले. "घाल बघू."

कमरेचं बटण लागेना. बाह्या कोपराकडे सरकल्या.

"अहो म्हातारबा, कोट बोंबलतोय बघा!" कुणीतरी म्हणालं आणि खोली हसली. खरं सांगतो, मलाही त्याची ओळख पटली नाही. म्हटलं, आणखी एक भामटा.

म्हातारा रागावला नाही. तो वेंडेलकडे वळला. "मघाशी तुझा सराव बाहेरून ऐकला. वर जाताना तू खांदे उचलतोस, म्हणून सूर चिरतो. आधी सगळा श्वास सोडून दे. मग खालून घे, पोटातून. असा."

आणि त्याने मला घालूनच तो श्वास घेतला. मित्रांनो, बाकी सगळ्यांनी खांदे उचलून उचलून माझ्या काखा फाडल्या होत्या. हा श्वास खाली सुरू झाला, पाठीत पसरला, आणि काखेतला एक टाकाही ताणला नाही. मी ओळखलं! पण मला तोंड कुठे होतं? माझा जीव नुसता तुटत राहिला.

वेंडेलने तसाच श्वास घेऊन पाहिला. खांदे खाली ठेवून हळूच वरचा सूर लावला. सूर चिरला नाही.

"हो, सर," तो म्हणाला.

इव्हेटने चमकून त्याच्याकडे पाहिलं. "पाकिटावर तर तुमचा फोटो आहे. तुम्ही यांना सर का म्हणताय?"

"ज्यांचं गाणं इतकी वर्षं चुकीचं गात आलो, त्यांना दुसरं काय म्हणू, ताई?"

टॅनर पुन्हा सँडविचकडे वळले. इव्हेटने स्वतःच्या हाताने मला तिच्या वडिलांच्या अंगातून काढलं. काढता काढता म्हणाली, "डॅडी, त्या दिवशी शाळेत पोरं हसली ना, तेव्हा मीपण त्यांच्याबरोबर हसले होते."

"ठाऊक होतं गं मला," रॉस्को म्हणाला.

मित्रांनो, तुमच्या घरातलं म्हातारं माणूस 'हे मी केलं होतं' असं सांगत असेल, तर पुरावा मागण्याआधी एकदा त्याच्याजवळ बसा, नीट ऐका. संशय घ्यायचं काम माझ्यासारख्या कोटावर सोडा. मला तरी दुसरा काय उद्योग आहे?