सांगाड्याला फुटलेलं रक्त

सत्यवानच्या घरापुढच्या खळ्यात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. माडाच्या ओंडक्यांवर मोटारीचा नुसता लोखंडी सांगाडा ठेवला होता. चाकं, इंजीन, वरचं धूड सगळं उतरवून पडवीत नेलेलं. सांगाड्याला नवाकोरा काळा रंग दिलेला, आणि त्या काळ्या रंगाला जागोजाग फोड येऊन त्यांतून लालभडक ओघळ निघाले होते.

"रगात!" शेजारचा गंगाराम ओरडला. "गाडयेन रातभर रगात ओकल्यान रे!"

बायकांनी पदर तोंडाला लावले. ज्यांच्या पायांत वहाणा होत्या त्यांनी त्या काढल्या. का काढल्या, हे विचारलं असतं तर एकालाही सांगता आलं नसतं. पहिल्यानं काढल्या म्हणून दुसऱ्यानं, दुसऱ्यानं काढल्या म्हणून तिसऱ्यानं. विमलानं मात्र काढल्या नाहीत. ती सत्यवानची धाकटी बहीण. मालवणच्या शाळेत शास्त्र शिकवायची, आणि शाळेला उशीर होत होता म्हणून आधीच कातावलेली होती.

मोटार बांद्याच्या एका डॉक्टरांकडून आणलेली. म्हातारी होती, पण खानदानी. तिला नवी करून मालवण-कणकवली टॅक्सी काढायची, हे सत्यवानचं स्वप्न. त्यासाठी त्यानं बापाची होडीही विकली होती. पण सांगाडा रंगवावा की लाल फुटे, खरवडून पुन्हा रंगवावा की पुन्हा फुटे. स्वप्न पुढे सरकेचना. अशा वेळी माणूस मिस्त्रीकडे जात नाही, भगताकडे जातो. इथे तर भगतच चालून आला होता.

सिद्धबाबा घाटावरचे म्हणत. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळावर मळवट, हातात तांब्याचा कमंडलू. त्यांनी ओघळांवर तीर्थ शिंपडलं, डोळे मिटले आणि देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा देवा महाराजा! या लोखंडात जो कोण बुडालेला, जळालेला, उपाशी मेलेला आत्मा बसला असेल..."

"व्हय महाराजा!" खळं गर्जलं.

"तो पूर्वेचा असो, पश्चिमेचा असो, आगबोटीनं आलेला असो की बैलगाडीनं..."

"व्हय महाराजा!"

आत्म्याचा सगळा प्रवास सांगून होईपर्यंत चांगला वेळ गेला. मग बाबांनी डोळे उघडले आणि लोकांचे डोळे विस्फारले. लाल ओघळ काळेनिळे पडले होते. रक्त गोठलं होतं!

"आणि ज्या नव्या पावलांमागून तो या घरात शिरला," बाबांनी आवाज चढवला, "ती पावलं आल्या वाटेनं परत जावोत!"

"व्हय महा..." म्हणता म्हणता लोक अडखळले. घरात नव्या पावलांचं माणूस एकच होतं. गेल्या वैशाखात लग्न होऊन आलेली सत्यवानची बायको आनंदी दारात तांब्या धरून उभी होती. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर गेल्या. सासू हौसाबाईनं तर 'व्हय महाराजा' पुरतं म्हणून टाकलं होतं. आता ते परत कसं घ्यायचं?

बाबांनी निकाल दिला. मंगळवारच्या होडीनं सून देवबागला माहेरी जाईल, पुन्हा येणार नाही, आणि शांतीसाठी बाबांना दोन कोंबडे. सत्यवान खाली मान घालून उभा राहिला. विमलाच्या अंगाचा तिळपापड झाला, पण शंभर माणसांच्या 'व्हय'पुढे एकटीचं 'नाय' कोण ऐकणार?

संध्याकाळी आनंदी रडत रडत ट्रंक भरत होती. तिच्या पातळावर तीर्थाचे थेंब उडाले होते. घडी घालायला म्हणून विमलानं पातळ उचललं आणि नाकाला लावलं.

"वयनी, हो वास कसलो गो?"

"तुमकाव येता?" आनंदीनं डोळे पुसले. "माका वाटला, माहेरच्या आठवणीन माकाच येता. आमच्या खळ्यातलो वास तो. जाळ्यांच्या काढ्याचो."

सुती जाळी कुजू नये म्हणून देवबागचे लोक ऐनाची साल उकळून तिच्या काढ्यात ती बुडवतात, हे विमलाला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. ते आनंदी सहज बोलून गेली.

"काढो तांब्याच्या हंड्यातच करतत. लोखंडाचो विटाळ होता म्हणतत. ल्हान असताना मिया लोखंडाचो डाव बुडवलंय, तर काढो शाईसारखो काळो झालो! आजयेन फाट्यान बडवल्यान माका."

विमला ताडकन उठली. "ट्रंक भरूचा थांबव," ती म्हणाली आणि भावाला गाठायला धावली.

"दादा, रंग देवच्या आदी सांगाडो कसो धुतलंस?"

"होडयेक करतव तसो. पुळणीवरच्या रेतीन घासलंय, खाडयेच्या पाण्यान धुतलंय. खाऱ्या पाण्यान लाकूड टिकता."

"लाकूड टिकता रे, लोखंड नाय!" विमलानं कपाळावर हात मारला. "गाडी आणताना बांद्याच्या मिस्त्रीन काय सांगलेल्यान?"

सत्यवान ओशाळला. "गोड्या पाण्यान धुवन, सुकवन, शेंदूर लाव म्हणालो. पण हो बांद्याचो माणूस आमका दर्यावर्द्यांक काय शिकयतलो?"

मंगळवारी होडी धक्क्याला लागली. सासूनं भरायला लावलेली आनंदीची ट्रंक दारात होती, बाबांचे कोंबडे टोपलीत होते, आणि रातच्या दवानं सांगाड्यावर ताजे लाल ओघळ आले होते. बाबा कमंडलू सरसावणार एवढ्यात विमला पितळेची कळशी घेऊन पुढे झाली.

"आज गाऱ्हाणा मिया घालतंय," ती म्हणाली. कळशीतलं पाणी तिनं ओघळांवर ओतलं आणि हात जोडले. "बा देवा महाराजा! ह्या खळ्यातलो जो कोण डोळे मिटून मान हलयता..."

"व्हय महाराजा!"

"...ज्येका आपण कित्याक व्हय म्हणतंव ताच म्हायत नाय..."

"व्हय महाराजा!" लोकांनी पुन्हा दणकून साथ दिली. तिचं गाऱ्हाणं बरंच लांबलं, आणि संपेपर्यंत ओघळ काळेकुट्ट झाले होते.

"माझी शक्ती! माझी शक्ती हिच्यात उतरली!" बाबा प्रसंगावधान राखून ओरडले.

विमलानं गंजलेला खिळा गंगारामच्या हातात दिला. "गंगाराम, तू ओत. गाऱ्हाणा नको, गप बसान ऱ्हव."

गंगारामनं कळशीतलं उरलेलं पाणी खिळ्यावर ओतलं. खळं खिळ्याकडे सरकलं. थोड्या वेळानं खिळा काळा पडला.

"काय रे, तुझ्याव अंगात बाबा इलो?" विमलानं विचारलं.

कुणीतरी फिसकन हसलं आणि मग हसण्याचा लोंढाच आला. "ह्या तीर्थ देवबागच्या हंड्यातला, जाळ्यांचो काढो," विमला म्हणाली. "ऐनाची साल गंजाक लागली की काळी शाई होता. ती व्हवक वेळ लागता, म्हणान गाऱ्हाणा लांब! बाबानुं, तुमच्या कमंडलूचो वास घेवंदे गंगारामाक?"

बाबांनी कमंडलू पोटाशी धरला. सत्यवाननं मान वर केली, आनंदीची ट्रंक दारातून बाजूला सरकवली आणि म्हणाला, "होडी बोलावलेली आसा. रिकामी कशी धाडूची?" बाबा होडीत चढले. कोंबडे खळ्यातच राहिले.

"आता ऐका," विमला लोकांना म्हणाली. "ह्या रगात न्हय, गंज. रंगाखाली मीठ ऱ्हवला. मीठ दव ओढता, दवान लोखंड गंजता, गंज फुगान रंग फोडता. उपाय सोपो. गंज तारेच्या बुरशान खरवडा, बावडेच्या गोड्या पाण्यान धुवा, उन्हात खडखडीत सुकवा. मगे अळशीच्या तेलात शेंदूर कालवन लावा, तो वाळलो की वरसून काळो रंग. ह्येत भूत नाय, देवचार नाय, पांढरे पाय नाय. एका चेडवाक घराभायर काढूच्या आदी कोणी एकदा तरी 'कित्या?' विचारला काय? कोणी कायव सांगूंदे. बघा, विचारा, करून बघा, आणि मगेच व्हय म्हणा!"

"व्हय महाराजा!" सगळे सवयीनं ओरडले.

विमला मटकन पायरीवर बसली. हौसाबाईनं मात्र या वेळी 'व्हय' म्हटलं नाही. ती पुढे आली, सुनेची ट्रंक तिनं स्वतः उचलली आणि आत नेऊन ठेवली. बाहेर आली तेव्हा डोळे ओले होते, तरी कपाळावर आठी होती.

"विमला," तिनं विचारलं, "पण शेंदूरच कित्या?"

विमलाचा चेहरा उजळला. शाळेची घंटा केव्हाच होऊन गेली होती. तिनं आईला शेजारी बसवलं आणि, शेंदूर म्हणजे शिशाचं भस्म, तेलात कालवून लावला की लोखंडाला पाणी भिडू देत नाही आणि गंज धरू देत नाही, काम झाल्यावर हात मात्र घासून धुवायचे, इथपासून सांगायला सुरुवात केली.