गुडघ्याशी बसवलेला स्विच

मित्रांनो, मोटारसायकलला चावी लावतात ना, ती ज्याच्या पोटात शिरते तो मी, एक जुना इग्निशन स्विच. सध्या गॅरेजातल्या डब्यात गंजक्या नटबोल्टांशेजारी पडून आहे. माझी हकिकत गोड नाही, आधीच सांगून ठेवतो.

माझ्या पोटात तांब्याच्या पट्ट्या आहेत आणि स्प्रिंगवर बसवलेला एक पोलादी छर्रा आहे. चावी फिरवली की छर्रा खट्कन खाचेत बसायचा आणि चावी जागच्या जागी राहायची. मी तेव्हा हँडलच्या मधोमध, मीटरशेजारी बसत असे. मोठ्या मानाची जागा हो ती!

माझे मालक एका गोदामाच्या चाव्या सांभाळत. गॅरेजवाला त्यांच्या बायकोचा भाऊ, त्यामुळे गॅरेजात सगळेच त्यांना दाजी म्हणत. माणूस देवासारखा, पण विसरभोळा. चाव्या हरवू नयेत म्हणून त्यांनी गोदामाच्या झाडून सगळ्या चाव्या गाडीच्या चावीच्या कडीत आणून अडकवल्या. तो जुडगा दिवसभर माझ्या तोंडाला लोंबकळायचा आणि खड्ड्याखड्ड्यावर हिसके द्यायचा. माझी खाच झिजत गेली. खटका ढिला झाला. मी कुरकुर केली, चावी अडकवून पाहिली, पण ऐकतो कोण?

उलट जुडग्याने टाकीचा रंग ओरखडला, याचंच दाजींना वाईट वाटलं. त्यांनी मेहुण्याला सांगितलं, "हा स्विच खाली घे. टाकीखाली, बाजूला. जुडगा मोकळा लटकेल."

मेहुणा म्हणाला, "दाजी, जागा कशाला बदलता? स्विच नवा टाकतो. आणि तो जुडगा आधी वेगळा करा."

"अरे, दोन ठिकाणी ठेवल्या की एक हरवतेच. मला माहीत आहे ना माझं डोकं."

मागे उभ्या असलेल्या ताई, म्हणजे दाजींच्या बायको, हसल्या. "कर रे बाबा ते म्हणतात तसं. नाहीतर रोज घरी माझं डोकं खातील."

बहिणीचा शब्द त्याला मोडवेना. त्याने वायरी वाढवल्या, पत्र्याची पट्टी ठोकली आणि मला दाजींच्या उजव्या गुडघ्याशी बसवलं. दाजींनी कौतुकाने पाठ थोपटली. त्याची, माझी नव्हे.

नंतर एकदा दाजी आणि ताई गाडीवरून बाजाराला निघाले. चौकात वळताना दाजींनी गाडी कलती केली, गुडघा आत आवळला आणि त्याचा दाब जुडग्यावर आला. चावी फिरली. छर्ऱ्याला धरायला खाचच उरली नव्हती. इंजिन भर चौकात बंद पडलं. "अहो, काय झालं?" ताई म्हणाल्या. मागून टँकर येत होता. ब्रेक दाबूनही तो वेळेत थांबला नाही.

दाजींचा हात मोडला. ताई गेल्या.

हात बरा झाल्यावर दाजी गॅरेजात आले. मेहुणा गाडीवरून मला उतरवत होता. दाजींनी विचारलं, "स्विचच खराब होता ना रे?"

मेहुण्याच्या बोटांत मी होतो. जुडगा कुणी लटकवला, हे त्याला माहीत होतं. मला तिथे कुणी बसवलं, हेही माहीत होतं. तो खाली बघून म्हणाला, "हो, दाजी. स्विचच खराब होता."

त्याने मला डब्यात टाकलं. मला राग आला नाही, मित्रांनो. त्या दोघांना जगायला कुणाच्या तरी माथी दोष मारायलाच हवा होता, आणि मला काय, माथाही नाही.

फक्त एवढं करा. आज घरी गेलात की गाडीची चावी बघा. तिला काही जड लटकवलेलं असेल तर काढायला लावा. खटका ढिला वाटला तर हट्ट धरून स्विच बदलून घ्या. घरचे हसतील तुम्हाला, हसू द्या. दाजी आता गोदामात पायी जातात, आणि संध्याकाळी घरचं कुलूप स्वतःच उघडतात.