सरळ जायचा बाण

आमची ही डिझायनर आहे असं सांगितलं की लोक लगेच कपड्यांचं विचारतात. कपडे नाहीत हो, बाण. रुग्णालयात शिरल्यावर एक्स-रे कुठे, रक्त कुठे तपासतात, हे दाखवणारे भिंतीवरचे जाड पांढरे बाण. आमच्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयातले झाडून सगळे बाण माझ्या बायकोचे. भाचरं तिला बाणवाली मामी म्हणून चिडवतात, आणि छाती माझी फुगते. साडू तिथे ऑपरेशनसाठी पडून होते, तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी बाण दाखवले, मग साडू.

कॉलेजात असताना हिनं विद्यार्थ्यांच्या डिझाइन स्पर्धेत पहिला नंबर काढला होता. भिंतीला टांगायची खुर्ची. पेपरात फोटो आला, सगळ्यांना वाटलं पोरगी आता जग गाजवणार. ती खुर्ची पुढे कुणीच बनवली नाही. नोकरी लागली आणि टूथपेस्टच्या खोक्यावरचा 'मोफत' हा शब्द आणखी मोठा करा, अजून मोठा करा, यातच वर्षं गेली. मग रुग्णालयाचं काम आलं, त्यात मात्र तिनं जीव ओतला. पण नकाशे पाठवले की ऑफिसच्या लेखी काम संपलं, घ्या पुढचं खोकं.

यंदा रुग्णालयानं पाट्यांसाठी विद्यार्थ्यांची स्पर्धा ठेवली आणि माझं डोकंच फिरलं. परीक्षकांना एखादं नवं काम पसंत पडलं तर जुने बाण निघणार, नाही तर आहेत तेच राहणार. आणि परीक्षक म्हणून बोलावलं कुणाला, तर हिलाच! ते बाण हिचे आहेत हे तिथे कुणाच्या गावीही नव्हतं. मी म्हटलं, आयती संधी आलीय, एकालाही पास करू नकोस. ती म्हणाली, मागे तोंड मिटून बसणार असाल तरच या. मी कबूल झालो.

मुलांनी पडद्यावर काय काय दाखवलं! भिंतीत विरघळून जाणारी राखाडी अक्षरं काय, वेलबुट्टी काय. एकाच्या पाटीत तर पानाफुलांतून बाण हुडकावा लागत होता. मी खूश. हिच्या बाणांच्या पासंगालाही यातलं काही पुरत नव्हतं.

शेवटी एक चष्मेवाली मुलगी उठली. तिनं एक साधा फोटो दाखवला. जिन्याशेजारची जुनी पाटी, 'एक्स-रे' आणि वर टोक केलेला बाण. ती म्हणाली, हा बाण सरळ जा म्हणतोय, पण शेजारी जिना असल्यामुळे लोकांना वाटतं वर जा. तिनं तिथे बसून पाहिलं होतं. लोक धापा टाकत जिना चढतात, वर एक्स-रे नसतोच, मग पुन्हा उतरतात. पायाला प्लास्टर असलेले सुद्धा. तिचा उपाय एवढाच की दारापासून एक्स-रेपर्यंत जमिनीवर एक रंगीत पट्टा ओढायचा. दिसायला अगदीच बेंगरूळ.

माझं पित्त खवळलं. दुसरे परीक्षक हसून म्हणाले, पाटी लावणाऱ्यांनी घोळ घातला असेल, बाण उत्तम आहेत, तेच ठेवूया. झालं! हिनं नुसती मान हलवायची होती. मी मागून मनातल्या मनात म्हणत होतो, हलव बाई, हलव.

ही उभी राहिली.

"तो बाण माझा आहे. तो जिन्यापाशी लावा हे नकाशात मीच दाखवलं होतं. ही मुलगी बरोबर सांगतेय."

चष्मेवालीचा चेहरा पांढराफटक पडला. हिनं मात्र तिला सगळ्यांत जास्त गुण दिले, दुसऱ्या परीक्षकांशी वाद घालून त्यांनाही द्यायला लावले आणि माझे बाण काढा म्हणून लिहून दिलं.

बाहेर पडल्यावर मी उखडलो. काही गरज होती का सांगायची? ही तडक त्या जिन्याकडे निघाली. पाठोपाठ ती मुलगी, तिच्यामागे रुग्णालयाचे साहेब. तिथे एक म्हातारे गृहस्थ कुबडी टेकत तिसऱ्या पायरीवर पोचले होते आणि त्यांची बायको फायली सांभाळत मागून त्यांना धीर देत होती. हिनं धावत जाऊन त्यांना थांबवलं, हाताला धरून खाली आणलं. मग साहेब नको नको म्हणत असताना स्टूल आणि पाना मागवून ती स्वतः पाटी काढायला चढली. मी स्टूल धरलं. दुसरं काय करणार?

मुलीला राहवेना. "मॅडम, सगळ्यांसमोर सांगितलंत. तुमचं नाव खराब होईल."

"अगं, या धंद्यात नाव असतं कुठे खराब व्हायला?"

खालून मी तिच्याकडे बघत होतो. खुर्चीच्या बक्षिसाचा फोटो मी आजवर शंभरदा लोकांना दाखवला असेल, पण खरं सांगतो, इतका अभिमान मला तेव्हाही वाटला नव्हता. माझा राग कुठच्या कुठे पळाला.

पाटी निघाली, पण पट्टा यायचा होता. माणसं तर येतच होती. मग ही जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली आणि येईल त्याला सांगू लागली, सरळ जा, वर नाही. चष्मेवाली दाराशी उभी राहिली. मीही लागलो सांगायला.

कुबडीवाल्यांची बायको परत फिरून हिच्यापाशी आली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही इथेच कामाला का हो?"

"हो," ही म्हणाली, आणि हात लांब करून तिला पुढचा रस्ता दाखवला.