एकशे सतरा नंबरची शीट

एकशे सोळापर्यंत सगळं बिनबोभाट गेलं आणि एकशे सतराला पुन्हा अडलं. पडद्यावर तीच लाल ओळ आली. तीन दिवसांत ती प्रोग्रामर मुलीला इतकी पाठ झाली होती की तिने वाचलीसुद्धा नाही, नुसता कपाळाला हात लावला.

शेजारच्या टेबलावर रेघकाका पेन्सिलीला टोक करत बसले होते. टोक कधीच झालं होतं. ते नकाशा विभागातले सर्वांत जुने आरेखक, चार महिन्यांनी निवृत्त होणार होते. पट्टी न लावता सरळ रेघ ओढतात म्हणून हे नाव पडलं आणि खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं.

काम तसं साधं होतं. शहराच्या नकाशाच्या चारशे बारा जुन्या शीटांचे स्कॅन डेटाबेसमध्ये भरायचे. प्रत्येक शीटच्या चार कोपऱ्यांवरच्या खुणा जमिनीवरच्या चार ठिकाणांशी जुळवायच्या, मग तिचे चौकोनी तुकडे करून फरशा बसवतात तसे शेजारी शेजारी बसवायचे. पण डेटाबेस पडला खाष्ट. एकाही शीटचं माप इतरांहून वेगळं निघालं तर तिला दारातूनच परत पाठवायचा. एकशे सतराचं माप वेगळं निघत होतं. ती ताणून बसवली, तर तिच्यावरचे रस्ते उत्तरेकडच्या शीटमधल्या रस्त्यांना मिळत नव्हते.

मुलीने काय करायचं बाकी ठेवलं होतं? शीट पुन्हा स्कॅन केली, कोपऱ्यांचे आकडे चारदा भरले, सगळा प्रोग्राम मुळापासून लिहिला. सोमवारी तिच्या कामाची मुदत संपत होती आणि ती वाढवायची की नाही हे साहेब ठरवणार होते. काल सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं होतं, की इतक्या शीटा जातात आणि एकच अडते, तर दोष शीटचा की तुमचा? शीटवर संशय घ्यायची कुणाची छाती नव्हती. एकशे सतरा म्हणजे विभागाची शान. नव्या माणसाला पहिल्या दिवशी तीच दाखवत, अक्षर कसं असावं, रेघ कशी असावी म्हणून. ती रेघकाकांनी काढलेली होती.

आणि दोष कुठे आहे ते रेघकाकांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

तीस वर्षांपूर्वी मूळ शीटवर त्यांच्या हातून शाईची दौत कलंडली होती. मधोमध तीन बोटं रुंद पट्टा वरपासून खालपर्यंत काळा झाला. मोजणीच्या वह्या वाळवीने खाल्लेल्या, त्यामुळे खाली काय होतं ते कळायला मार्ग नव्हता. नोकरी नवी, लग्न ठरलेलं. त्यांनी तो पट्टाच गाळला, डावी आणि उजवी बाजू जोडून सगळं कोऱ्या कागदावर उतरवलं, चारी कोपऱ्यांवर ठसठशीत खुणा केल्या आणि मूळ शीट जाळून टाकली. शीटा वेगवेगळ्या खणांत पडून असायच्या, दोन शेजारी लावून बघतो कोण? झाकली मूठ तीस वर्षं झाकलेलीच राहिली. उलट कौतुक झालं. आरेखक सोडून कुणाला असं बेमालूम जोडणं जमलं नसतं, हीच त्यातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट होती.

तीन दिवस ते मूग गिळून बसले होते. मुलीला पाणी आणून देत होते, डब्यातलं अर्धं तिच्यापुढे सरकवत होते, आणि प्रत्येक वेळी ती "थँक्यू काका" म्हणाली की त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. घरी बायकोला सांगावं असंही वाटलं. पण आल्यागेल्याला ती त्याच शीटचं कौतुक सांगायची.

"काका," मुलगी पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "मला हे काम येतच नाही का हो? खरं सांगा."

रेघकाका उठले. तिला घेऊन ते साहेबांच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. एवढ्याशा गोष्टीसाठी आपण तीस वर्षं घालवली, याचंच त्यांना नवल वाटलं.

साहेब म्हणाले, झालं गेलं गंगेला मिळालं, इकडून तिकडून ओढून बसवा, लोकांना काय कळतंय. मुलीची मुदत त्यांनी तिथल्या तिथे वाढवली.

"ओढून नको, साहेब," रेघकाका म्हणाले. "तेवढं एकदा झालंय. मी मोजून आणतो."

बाहेर आल्यावर मुलगी त्यांच्याकडे न बघता बोलली. "तीन दिवस मी स्वतःला मूर्ख समजत होते, काका. आणि तुम्ही मला पोळी वाढत होता."

दुसऱ्या दिवशी ते टेप घेऊन निघाले. टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं म्हणून मुलगी आली. बोलली फक्त आकडे. तीन बोटांचा पट्टा जमिनीवर पन्नास मीटर रुंद भरला. त्यात एक बोळ होता, आत जाऊन बंद होणारा, दोन्ही बाजूंना मिळून बावीस घरं. रेघकाकांनी घरं दोनदा मोजली.

शेवटच्या दारातली म्हातारी त्यांना बघून पुढे आली. मोजणीवाले का, म्हणून विचारलं आणि ते हो म्हणताच त्यांना ओट्यावर बसवलं.

"आलात एकदाचे," ती म्हणाली. "नळासाठी अर्ज करून करून आमचे हे गेले. पाणी खात्यात दर खेपेला म्हणायचे, आजी, तुमचा बोळ नकाशातच नाही, पाइप टाकू कुठे?"

मुलीच्या हातातला टेप थांबला. तिने त्या दिवशी पहिल्यांदा रेघकाकांकडे बघितलं, आणि लगेच मान खाली घालून टेप गुंडाळायला लागली.

म्हातारी आत जाऊन पेलाभर पाणी घेऊन आली. मोठ्या रस्त्यावरच्या नळावरून आणावं लागतं, आता सून आणते, आधी मी आणायचे, असं सांगत तिने पेला पुढे केला. उन्हाचे आलात, घ्या म्हणाली.

रेघकाकांना तहान नव्हती. त्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला, उठून उभे राहिले, आणि एक थेंब न सांडता सगळं पाणी प्याले.