अप्पांचा सुभेदार

अप्पांचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी संपादक म्हात्रेकाका मुद्रितं घेऊन वसईतल्या पापडीला आले. अप्पांनी वीस वर्षं खपून लिहिलेलं ते चरित्र होतं, सुदानवर राज्य करायला इजिप्तने पाठवलेल्या एकोणिसाव्या शतकातल्या एका सेनापतीचं.

"वसुंधरा, एकच बदल केलाय," काका म्हणाले. "'सुभेदार'च्या जागी सगळीकडे 'राज्यपाल'. अगं, सुभेदार म्हटलं की लोकांना फौजेतला मिशीवाला आठवतो. तुझ्या वडिलांनी जनरलला पार खाली उतरवलं की!"

वसुंधराला हसू आलं. अप्पाही हसले असते. तिने लाल पेन उचललं.

"काका, मराठ्यांनी वसई जिंकली तेव्हा इथे कोण बसवला? राज्यपाल?"

"सरसुभेदार," काका पुटपुटले.

"राज्यपाल फिती कापतो. जिंकलेल्या मुलखाच्या उरावर बसतो तो सुभेदार. सुदानातल्या माणसाला विचारा, त्याला फरक कळेल."

"पण वसईबाहेरचे वाचक..."

"त्यांच्यासाठी तळटीप मी लिहिते," असं म्हणून तिने पहिला 'राज्यपाल' खोडला आणि वर अप्पांचा शब्द लिहिला.

काकांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि निम्मी पानं आपल्याकडे ओढली.